अंगणात आखलेला वासा

आमचं जुन्नराकडचं घर नदीकाठी होतं. एका पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी शिरलं, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वरच्या मळ्यात नवं घर बांधायला काढलं. मी पहिलटकरीण, माहेरी जायचे दिवस आलेले. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "पावसाआधी छप्पर चढलं तर लेकराला घेऊन ये. न्हाई तर दिवाळीपतोर माहेरीच ऱ्हा." दिवाळी किती लांब असते, ते पहिलटकरणीला विचारा.

पण घोडं वाशांवर अडलं. लाकूड आंबेगावच्या डोंगरातून यायचं, आणि पाऊस लागला की गाडी चिखलात रुतायची. खेप काय ती एकच. भिंती अजून उठल्या नव्हत्या, मग तिरका वासा मापायचा कुठं? मामंजींनी नव्या घराच्या पायावर आपल्या हातानं मोजून ठेवलेलं: भिंतीपासून मधल्या मेढीपर्यंत, म्हणजे आढ्याखालच्या खांबापर्यंत, आडवे आठ हात, आणि मेढ भिंतीच्या वर सहा हात निघणार.

"आठ न सहा चौदा. चौदा हाती तोडतो," आमचे हे म्हणाले.

"चौदा हाती वासा वढायला बैलं हायेत का हत्ती?" मामंजी म्हणाले.

मी आत दळत होते. मनात आलं, खरं घर नाही तर नाही, रांगोळीचं तर काढता येईल. बाहेर आले, एका हाताला एक वीत धरली. अंगणात आठ विती आडवी रेघ ओढली. कापडाची घडीवर घडी घातली की कोपरा सरळ येतो, चोळी बेतणारीला हे ठाऊक असतंच. तो कोपरा लावून सहा विती उभी रेघ काढली. दोन्ही टोकं जोडली आणि तिरकी रेघ मापली. बरोब्बर दहा.

आता सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, आणि त्यांच्यासमोर नवऱ्याशीही नाही. मामंजी चार पावलांवर बसलेले, तरी मी म्हणाले, "आत्याबाई, दहा हात म्हणावं. वर वळचणीला एक."

"ती म्हणती दहा, न वळचणीला एक."

"ऐकलं. भैरा न्हाई मी," म्हणत मामंजी उठले आणि रेघ स्वतः मापू लागले. "हे तर आठच भरतंय."

"आत्याबाई, आडवी रेघ बी मापा म्हणावं."

ती मापली, तीही कमीच भरली. मामंजी हसले. "वीत मोठी हाय माझी."

त्यांना हसू आलं, पण माझी नजर यांच्या हाताकडं गेली. पाया मोजला उंचापुऱ्या मामंजींच्या हातानं, आणि वासे तोडणार हे, आईवर गेलेले, ठेंगणे. यांचा हात बापापेक्षा चार बोटं तोकडा. अकरा हातांत वासा दीड-दोन हात आखूड पडणार. मागं गोठ्याचे वासे आखूड पडले आणि सुताराला शिव्या बसल्या, त्याचंही कोडं सुटलं.

"आत्याबाई, मामंजींच्या हाताएवढी काठी तोडून गाडीत द्या म्हणावं."

आत्याबाईंना तेवढंच हवं होतं. "ती म्हणती, तुमचा हात गाडीत घालून धाडा."

"मग जेवू कशानं?" म्हणत मामंजींनी कोपरापासून बोटापर्यंत निरगुडीची काठी मापून तोडली.

मग मी माहेरी गेले, लेक झाली, आणि मी रोज डोंगरावरचे ढग बघत बसायची. आभाळ लई भरून आलं होतं तेव्हा दारात गाडी थांबली. हेच आले होते, काठी अजून गाडीला बांधलेली. यांनी सांगितलं, छप्पर चढलं, एकही वासा वाया गेला नाही.

नव्या घरात त्यातल्याच एका वाशाला पाळणा टांगायचा होता. मामंजी दोर घेऊन उभे. वर बघत, जणू वाशालाच विचारावं तसं म्हणाले, "दोर किती हात लागंल?"

मी लेकीला मांडीवर घेऊन म्हणाले, "आत्याबाई, कुणाच्या हातानं, ते आधी विचारा म्हणावं."