खरं सांगा, काय जेवता?

माणूस वय सांगेल, पगार सांगेल, पण चहात साखर किती घालतो ते खरं सांगणार नाही! जुईनगरला स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि म्हणतात, "आत मॅडमना भेटा." त्या 'आत'मधली मी. एक टेबल, एक वजनकाटा आणि समोरच्या खुर्चीत रोज येऊन बसणारे किस्से. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "तू आहार सांगतेस की जबान्या घेतेस?"

*

घणसोली गावात खोली घेऊन राहणारा एक इंजिनिअर. अजून तिशीही गाठली नव्हती आणि लिव्हरवर चरबी. सगळं जेवण मोबाइलवरून मागवलेलं.

"सॅलड वगैरे काही?"

"रोज खातो, मॅडम."

"कुठलं?"

"बर्गरमध्ये असतं ना, ते."

तेवढ्यात साताऱ्याहून त्याच्या आईचाच फोन आला. मी स्पीकरवर घ्यायला लावला. "अहो मॅडम, त्याला नवा कुकर घेऊन दिलाय की मी! डाळभात तरी लावतो ना?"

त्याने मान खाली घातली. "कुकर आहे गं. त्यात मी चार्जर ठेवतो."

हसून झाल्यावर मी त्याला सरळ सांगितलं, की या वयात लिव्हर सुधारतं, पुढे ते एवढं सोपं नसतं. महिन्याभराने त्याचा व्हॉइस मेसेज आला. बोलणं काहीच नाही. फक्त कुकरची शिट्टी!

*

सारसोळ्याच्या हिरामावशी मासळी विकतात. साखर वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती. ती चिघळली तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण भाताशिवाय घास उतरत नाही.

"मावशी, भात एका वेळी एकच वाटी."

पुढच्या खेपेला जखम तशीच, साखरही तशीच. मी विचारलं, "भात कमी केला का?"

"केला ना! एकच वाटी खाते," म्हणत त्यांनी पिशवीतून वाटी काढून टेबलावर ठेवली. छोटं पातेलंच ते! "तुमी बोल्लाव ना, एक वाटी? आमच्या घरान हीच वाटी हाय."

मी माझ्या कपाटातली वाटी दाखवली.

"ही त चटनीची!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी म्हावरा हवा तेवढा, पण कालवणातला, तळलेला नाही, आणि भात माझ्या वाटीने, असं ठरलं. वाटी त्या घेऊनच गेल्या. जखम हळूहळू भरली. वाटी काही परत आली नाही.

*

पाम बीच रोडच्या एका टॉवरमधल्या बाई आल्या. सकाळी चिया सीड्स, दुपारी किन्वा, रात्री सूप. आणि हिमोग्लोबिन इतकं खाली, की जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मी म्हटलं, "नाचणीची भाकरी, पालेभाजी, अळीव, भिजवलेले चणे, वर लिंबू पिळून. डॉक्टरांच्या गोळ्या आहेतच."

त्यांचा चेहरा पडला. "दुसरं काही नाही का?"

"का? आवडत नाही?"

"आवडतं हो. पण हे सगळं आमच्या सासूबाई दोन वर्षं सांगताहेत. आता हे खाऊन मी बरी झाले, तर त्या बरोबर ठरतील ना!"

शेवटी मी तोच आहार दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत लिहून दिला. हिमोग्लोबिन वाढलं. सासूबाई म्हणे आता सोसायटीत सगळ्यांना सांगतात, "आमच्या सुनेला एकदम मॉडर्न डाएट दिलंय!"

*

एकदा डॉक्टरांनी बाहेरूनच फोन केला. "मॅडम, एक पेशंट पाठवतोय. जरा हट्टी आहे. रिपोर्ट चांगले नाहीत."

दार उघडलं आणि डॉक्टर स्वतःच आत आले. गुपचूप रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. त्यांच्या वडिलांना साखरेनेच नेलं होतं, ते मला माहीत होतं. थट्टा करावीशी वाटली नाही. मी नेहमीचेच प्रश्न विचारले.

"रात्री किती वाजता जेवता?"

"ओपीडी संपेल तेव्हा."

"चहात साखर?"

"अर्धा चमचा."

"डॉक्टर, तुमचा चहा रोज मीच मागवते!"

*

सावंत काकांचं हृदय नीट पंप करत नव्हतं. पायांना सूज, चालताना धाप. एकदा आयसीयूत जाऊन आलेले. मीठ अगदी नावापुरतं, लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. मालवणच्या माणसाला हे सांगताना माझ्याच जिवावर आलं.

काकू शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "घरात एकच जेवण होईल. मीसुद्धा अळणीच खाईन."

"तू कशाला?" काका म्हणाले.

"तुमच्यासमोर बसून मी तिखटमिठाचं खाऊ? मला नाही जमायचं."

पुढच्या भेटीला काकांची सूज उतरली होती. वजनही कमी. सहज म्हणून मी काकूंनाही काट्यावर उभं केलं. त्यांचं वजन वाढलेलं! काकांनी काट्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि बिल भरायला बाहेर गेले.

काकू माझा हात धरून म्हणाल्या, "सकाळी शेजारच्या वहिनींकडे जाते हो. थोडं कालवणभात खाऊन येते. दुपारी परत यांच्यासमोर अळणी. यांना कळू देऊ नका, एकटे पडतील."

मी कशाला सांगते!

त्यानंतर काका एकटेच आले. मी विचारलं, "काकू नाही आल्या?"

"शेजारी गेलीय."

"काही काम?"

"जेवायला."

मी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत आहे?"

"सकाळी बाजारातून बांगडे आणून त्या वहिनींना कोण देतं, मॅडम? तिरफळ घाला, तिखट जरा चढं ठेवा, तेसुद्धा मीच सांगून येतो."

"मग काकूंना सांगून टाका ना. घरातच करून खातील बिचाऱ्या."

"नको. ती समोर बसून अळणी खाते ना दुपारी, म्हणून ते मला जातं."

सूज तपासली, वजन केलं, पुढची तारीख दिली. दारापर्यंत गेलेले काका परत वळले.

"एक करा मॅडम. पुढच्या वेळी तिला काट्यावर उभी करू नका."