अकरावा खोकला

उजव्या हाताच्या अंगठ्याने भाऊ उजवी नाकपुडी दाबायचे, डावी वाऱ्याकडे करायचे, डोळे मिटायचे आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. समोर रेंजर असो की गावचा पोलीस पाटील. मग म्हणायचे, "थांबा. घाई नोका करू. धूर सांगते."

आणि धूर सांगायचा. काय जळतंय, किती लांब जळतंय, आग चढाला लागली की उताराला, आणि लावणारा घाबरून पळाला की रमतगमत घरी गेला. हे शेवटचं मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाढवलंय, पण थोडंच.

मी वरोऱ्याकडचा, कापूस-सोयाबीनच्या मुलखातला. गडचिरोलीच्या जंगलात वनरक्षक म्हणून आलो तेव्हा मला झाडांच्या दोनच जाती ओळखू यायच्या, बाभूळ आणि बाभूळ नसलेली. भाऊ आमच्या बीटवर, म्हणजे माझ्या वाटणीच्या जंगलात, फायर वॉचर होते, म्हणजे उन्हाळाभर जंगलातल्या आगींवर पहारा ठेवणारे. बाकीचे वॉचर टेकडीवर चढून नजर ठेवायचे, भाऊ माझ्या क्वार्टरच्या ओसरीत बसून नाक ठेवायचे. वय साठीच्या आगेमागे, अंग बांबूच्या कामटीसारखं, आणि त्या कामटीवर ते नाक. देवाने आधी नाक घडवलं असावं आणि उरलेल्या मातीत माणूस भागवला असावा.

मोहाचा धूर गोडसर, बांबूचा कोरडा आणि टोचरा, सागाचा कडवट, हे त्यांनीच मला शिकवलं. मला तिन्ही सारखेच लागायचे. सिगारेट सोडली म्हणून घरी शपथ घेतलेले एक साहेब एकदा सहकुटुंब जंगल पाहायला आले होते. भाऊंनी त्यांच्या बायकोसमोर सिगारेटचा छाप सांगितला. महिन्याभरात त्या साहेबांनी बदली मागून घेतली.

आता आगीची खबर उपग्रह देतो. वरून बघतो आणि आमच्या मोबाईलवर संदेश धाडतो. भाऊंना तो भाऊबंदकीतला माणूस वाटायचा. एकदा भाऊंनी आग सांगितली, आम्ही गेलो, विझवली, परत आलो, चहा प्यालो, कप विसळून पालथे घातले आणि मग मोबाईल वाजला. भाऊ त्याच्याकडे बघून म्हणाले, "त्याले म्हणा, झोप आता."

असं हे नाक वर्षातून एक दिवस मात्र काम करायचं नाही. मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागतात. पाचोळ्यातून ती वेचणं जिवावर येतं, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि काळ्या जमिनीवरून पिवळी फुलं वेचतात. त्यातली एखादी ठिणगी निघते फिरायला आणि टेकडीच जेवून परत येते. भाऊंचंही एक मोहाचं झाड होतं, गावाच्या कडेला. भाऊंच्या घरचं माणूस, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या बाई, त्या सकाळी काडी ओढायच्या आणि बरोबर त्याच सकाळी भाऊ ओसरीत येऊन सांगायचे, "आज सर्दी हाय, सायेब." दुसऱ्या दिवशी सर्दी बरी. मी पाच वर्षं ही सर्दी पाहिली. औषध कधी विचारलं नाही.

मग तो उन्हाळा आला. थंडीत पाऊस पडला नव्हता. आमच्या टेकड्या जळत होत्या, नदीपलीकडच्या जळत होत्या, आणि सगळा धूर खाली उतरून आमच्याच गावात पाहुणा राहिला. पंधरा दिवस हलेना. सकाळी दहाला सूर्य गंजलेल्या परातीसारखा दिसायचा. कोंबडे उठायचे, आरवायला तोंड उघडायचे, ठसका लागून परत झोपायचे. त्या महिन्यात गावात कोण कोणावर रुसलंय तेही कळेना, कारण सगळेच डोळे पुसत होते. म्हशी खोकायच्या. म्हशीचा खोकला तुम्ही ऐकला नसेल तर चांगलंच आहे.

पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रांग लागली. लेकरांच्या छातीत शिट्ट्या वाजत होत्या, आणि वाफेची मशीन एकच, तीसुद्धा वीज असेल तेव्हा. डॉक्टर मॅडमनी गावात तपासणी लावली. सोबत एक नळी आणली होती. जोरात फुंकायचं, की आतला काटा सरकतो आणि छातीत किती दम आहे ते कळतं. भाऊंनी दोन्ही पाय रोवले, गाल फुगवले, सगळ्या गावाकडे पाहून घेतलं आणि फुंकलं. काटा जागचा जेमतेम हलला.

"मशीन नवी हाय," भाऊ म्हणाले. "तिले सवय नाई."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आणखी दोनदा फुंकायला लावलं, मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. धुरातला बारीक कण डोळ्याला दिसत नाही, ओल्या गमछ्याने अडत नाही, आणि एकदा खोल गेला की मुक्कामाला राहतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. वीस उन्हाळ्यांचे कण मुक्कामाला होते. त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, 'यांना धुरात पाठवू नये', आणि मग भाऊंना सरळ म्हणाल्या, "आणखी दोन उन्हाळे असे काढलेत, तर तिसरा दिसायचा नाही."

भाऊ म्हणाले, "मॅडम, नाक काढून घेतलं तं मी उरतो कितीसा?"

मॅडमनी एक जाड मास्कही दिला. दुसऱ्या दिवशी भाऊ तो लावून ड्युटीवर आले. मध्यभागी कात्रीने गोल भोक पाडलं होतं आणि त्यातून नाक पूर्णपणे बाहेर. "तोंड सुट्टीवर हाय," ते म्हणाले, "नाक कामावर."

चिठ्ठी मी खिशात ठेवली. उद्या रेंजर साहेबांना देऊ म्हटलं. तो उद्या काही येईना. खरं सांगतो, ओसरी रिकामी बघायची माझी तयारी नव्हती.

त्याच आठवड्यात मी चुलीवर डाळ ठेवून फोनवर बोलत बसलो. डाळीचा कोळसा झाला, पातेल्याचा तवा झाला. हाताच्या अंतरावर भाऊ बसले होते, अंगठा नाकपुडीला, डोळे मिटलेले. म्हणाले, "हवा साफ हाय आज." मग त्यांनी डोळे उघडले, काळ्या पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर्दी हाय," हळूच म्हणाले. त्यांच्या मोहाखालचा पाचोळा त्याआधीच केव्हाचा जळून गेला होता.

तेव्हापासून बाई रोज भाऊंबरोबर क्वार्टरवर यायला लागल्या. कधी चहा करायला, कधी झाडायला. भाऊ ओसरीत नाक वर करायचे, बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहायच्या आणि खोकायच्या. मला उलगडायला तीन दिवस लागले. वास बाई घ्यायच्या. एक खोकला म्हणजे मोह, दोन म्हणजे बांबू, तीन साग, चार तेंदू, पाच ऐन, असं करत दहा म्हणजे चार, ज्याची चारोळी होते ते झाड. दहाच झाडं ठरली होती. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. उलट भाऊंनी बरोबर झाड सांगितलं की सगळ्यांत आधी मान मीच डोलवायचो.

या नाकाची कीर्ती नागपूरच्या मोठ्या साहेबांपर्यंत गेली होती. एका सकाळी ते धुरातून दिवे लावून गाडी घेऊन आले, सोबत आमचे रेंजर साहेब. मोठ्या साहेबांना प्रात्यक्षिक पाहायचं होतं. नाक खरं निघालं तर भाऊंनी दर उन्हाळ्यात सगळ्या बीटवर फिरायचं, वॉचरांना शिकवायचं, जिथे धूर जास्त तिथे आधी जायचं. भाऊंचा चेहरा नवरदेवासारखा झाला. माझा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला आणि तिथेच राहिला.

भाऊ उभे राहिले. मास्कच्या भोकातून नाक वाऱ्याला लागलं. "थांबा. घाई नोका करू. धूर सांगते."

खिडकीतून दोन खोकले आले. "बांबू," भाऊ म्हणाले. बरोबर होतं. मोबाईलवरचा संदेशही बांबूच्याच रोपवनाचा होता. साहेबांनी माना डोलवल्या, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर खोकला.

भाऊंच्या कपाळावर आठी आली. "नाई," ते म्हणाले, "साग."

रेंजर साहेबांनी तोंडावर रुमाल धरून दोनदा खोकून घेतलं. "ऐन बी हाय त्याच्यात." मोठे साहेब नागपूरची हवा सोडून आलेले, त्यांना एकदम तीन आले. "पळस," भाऊ घाईने म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. ड्रायव्हरने आणखी दोन दिले. "चार. चारोळीचं." आत बाईंनी चहाचं भांडं आपटलं, पण भांड्याला काही अर्थ ठरलेला नव्हता.

दहा झाले होते. यादी संपली होती. आणि माझ्या घशात खवखवायला लागलं. मी श्वास धरला. छप्पर पाहिलं, कुलदैवत आठवलं, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. शेवटी तो बाहेर पडलाच. एकच, पण चांगला खणखणीत.

भाऊंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मला सगळं माहीत होतं हे त्यांना कळलंय, ते माझ्या लक्षात आलं. मग समोरच्या डोंगराकडे तोंड करून, अगदी ठाम आवाजात, ते म्हणाले, "नारळ."

मोठे साहेब हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले. रेंजर, ड्रायव्हर, मी, सगळे हसतोय आणि खोकतोय. भाऊही हसले, आणि त्यांनाही खोकला आला. आमचा थांबला, त्यांचा थांबेना. ते खांबाला धरून खाली बसले, ओठ जांभळे पडले. बाई चहा टाकून धावत आल्या. आत दूध उतू जाऊन करपत होतं, सगळ्यांना वास येत होता, एक माणूस सोडून.

बाई त्यांची पाठ चोळत साहेबांना म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, यायचं नाक जाऊन राह्यलं, आता तं कायचाच वास येत नाई. मीच सांगून राह्यली होती."

"सर्दी हाय," भाऊ म्हणाले.

मी चिठ्ठी काढून साहेबांना दिली. घामाने तिची शाई पसरली होती, पण वाचता येत होती.

त्यानंतर उन्हाळा लागला की भाऊ सिरोंच्याला, मुलीकडे. तिथे गोदावरीचा वारा. बाई फक्त मोहाच्या दिवसांत एकट्या परत यायच्या. त्यांनी पुन्हा कधी काडी ओढली नाही. पहाटेपासून खराट्याने झाडाखालची जमीन झाडायच्या. गावातल्या बायांनी चेष्टा केली, जंगलाले अंगण समजून राह्यली का म्हणून. बाई खराटा न थांबवता म्हणाल्या, "माह्याच काडीचा धूर माह्याच माणसाच्या छातीत हाय. तुम्ही लावा खुशाल." पुढच्या वर्षी अजून चार खराटे दिसले. माझ्याकडे सरकारी पाचोळा उडवायची मशीन होती, ती घेऊन मीही जायचो.

भाऊंचा फोन सकाळी यायचा. म्हणायचे, फोन वाऱ्याकडे धरा. मी धरायचो, काय करणार. तिकडून लांब श्वास ऐकू यायचा, शिट्टी वाजणारा. मग म्हणायचे, "मोह. पण जळून नाई राह्यला. फुलला हाय." अशी दोन वर्षं गेली, आणि दोन्ही वर्षं बरोबर सांगितलं.

या मार्चला फोन आला नाही. यायचा नव्हताच. भाऊ पावसाळ्यातच गेले. तरी मी सकाळी मोहाकडे गेलो, सवयीने मोबाईल हातात. बाई झाडत होत्या. हवा स्वच्छ होती, टेकडीवरचं पान न् पान मोजावं अशी. त्यांनी मला पाहिलं, खराटा खोडाला टेकवला, आणि माझ्याकडे बघत एकदाच, अगदी मुद्दाम, खोकल्या.

"मोह," मी म्हणालो.

बाईंनी मान डोलवली आणि खराटा उचलला.