परवा म्हणजे कधी

सन सत्तावन्नच्या पावसाळ्यात काचीगुड्यातल्या मराठी घरांत एकच शब्द घोळत होता: आप्शन. आदल्या साली हैदराबाद राज्य मोडलं, त्याचे तीन भाग तीन राज्यांत गेले आणि सरकारी नोकरांच्या हातात एक छापील कागद आला. मुंबई राज्यात जाता, म्हैसुरात जाता की इथेच आंध्र प्रदेशात राहता, ते लिहून द्या. पोरीला स्थळ बघतानाही लोक इतके हैराण झाले नसतील. जो तो दुसऱ्याला विचारून आपलं ठरवी आणि तिसरा भेटला की ठरलेलं मोडी.

मनकर्णाचं मात्र ठरलेलं होतं. म्हणजे घरच्यांनी ठरवलेलं होतं. नारायणगुड्यातल्या एका लहानशा सरकारी जनानी दवाखान्यात ती अकरा वर्षं नर्स होती. दवाखान्याचे हेडक्लार्क एकनाथराव सगळ्यांचे कागद भरून द्यायचे आणि वर सल्लाही द्यायचे. त्यांनी सांगितलं होतं, की नांदेडला अनुभवी नर्सा हव्या आहेत, जाशील तर वॉर्डाची सिस्टर होशील. तिचा नवरा देवराव काचीगुडा स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर होता. त्याच रुळांवरून गाडी नांदेडला जाते, तेव्हा त्याची बदलीही अवघड नव्हती. सासू भागूबाईंनी तर न्यायची भांडी आणि द्यायची भांडी वेगळी काढून ठेवली होती. भाऊबंद सगळे तिकडेच, बुद्धवंदनेला चार आपली माणसं भेटतील, नातीला मराठी शाळा मिळेल, असं त्या दिवसातून दोनदा बोलून दाखवत.

मनकर्णालाही सिस्टर व्हायचं होतं. तिच्या आईला गावच्या दवाखान्यात पायरीच्या वर येऊ देत नसत, औषधाची पुडी वरून ओंजळीत टाकत. त्या आईची लेक वॉर्डाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणार, ही काही लहान गोष्ट नव्हती. नुसत्या विचारानंच तिची मान ताठ व्हायची आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

त्याच सुमारास दवाखान्यात सत्यवती नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या गुंटूरकडच्या. तेलुगू त्यांची घरची, इंग्रजी कॉलेजातली आणि हिंदी परीक्षा देऊन शिकलेली. हिंदी इतकी शुद्ध, की बाहेरच्या बाकावरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. पण बाई हुशार होत्या, हात हलका होता आणि पेशंटवर कधी खेकसत नसत.

मोहर्रम होऊन दोनेक आठवडे झाले असतील. रहमतबी नावाची बाई तपासायला आली. नवरा अफझलगंजात गोण्या शिवायचा, ही आठव्या महिन्यातली, पहिलटकरीण. डॉक्टरीणबाईंनी कधीपासून त्रास आहे असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "परसों से सर दुखरा अम्मा, पाँवाँ बी भारी हो गए."

आता हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या आदला दिवस असं जो समजतो, तो बाहेरगावचा. इथला परसों गेल्या आठवड्यातला असतो, गेल्या महिन्यातला असतो. कुणाचं लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी ते लग्न परसोंच झालेलं असतं. इथल्या मराठी माणसाचा परवाही या संगतीनं तसाच लांबलेला. सत्यवतीबाईंनी मात्र शिकलेल्या हिंदीप्रमाणे केसपेपरावर लिहिलं, दोन दिवसांपासून. रक्तदाब थोडा चढलेला होता. दोन दिवसांचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, मीठ कमी खा, आराम कर, आठ दिवसांनी ये असं सांगितलं.

मनकर्णा शेजारीच उभी होती. रहमतबीचे सुजलेले घोटे तिनं पाहिले. चपलेचा पट्टा कापून सैल केलेला होता आणि कापलेली कड मळून काळी पडली होती, तेही पाहिलं. दोन दिवसांत पट्टा इतका मळत नाही. कौनसा परसों, मोहर्रमच्या आधीचा की नंतरचा, एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठावर आले होते. पण पेशंटला विचारायचं डॉक्टरांनी आणि नर्सनं हात पुढे करायचा, हे अकरा वर्षं अंगवळणी पडलेलं. तिनं गोळ्यांची पुडी बांधून दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पाचव्या दिवशी रहमतबीला रिक्षातून आणलं, तेव्हा तिला झटके येत होते. सत्यवतीबाई आणि मनकर्णा दुपारपर्यंत तिच्याजवळून हलल्या नाहीत. ती वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती, डोक्यावर भरपूर जावळ. मनकर्णानं तिला पुसून, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून रहमतबीच्या सासूच्या हातात दिलं, तेव्हा ती म्हातारी कुणाला दोष न देता सांगत होती, की पोरगी मोहर्रमच्याही आधीपासून डोकं धरून बसायची.

सत्यवतीबाईंनी केसपेपर काढून पुन्हा वाचला आणि मनकर्णाकडे पाहिलं. मग मनकर्णानं इथला परसों काय असतो ते त्यांना समजावून सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमको मालूम था?"

"हाँ."

"फिर पूछा क्यों नहीं?"

"पूछना मेरा काम नहीं है, डॉक्टर."

नियमानं बघितलं तर उत्तर बरोबर होतं. कुणी चौकशी केली असती तर तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. पण स्वतःच्याच तोंडचं ते उत्तर ऐकून मनकर्णाला स्वतःची इतकी लाज वाटली, की हात धुवायचं निमित्त करून ती नळाशी गेली आणि पाणी सोडून तिथेच उभी राहिली.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. भागूबाई नांदेडला न्यायच्या परातीबद्दल बोलत राहिल्या आणि ती हूं हूं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाईंनी आपल्या टेबलाशेजारी एक स्टूल मांडलं आणि मनकर्णाला बसायला सांगितलं. आधी विचारायचं हिनं, मग तपासायचं त्यांनी. एकनाथरावांना हे काही पटलं नाही, नर्स बसते आणि पेशंट उभा राहतो हे कुठल्या कायद्यात आहे, असं ते दोन दिवस पुटपुटत होते. मनकर्णा बायकांना तारीख विचारायचीच नाही. रमजानमध्ये रोजे धरले होते का, बोनालूच्या सणाला देवीचा घट डोक्यावर घेतला तेव्हा चक्कर आली का, बांगड्या कधीपासून घट्ट व्हायला लागल्या, असं विचारायची. पंधरा दिवसांत तिघी अशा निघाल्या, की त्यांना त्याच दिवशी भरती करून घ्यावं लागलं. तिघी लेकरं घेऊन घरी गेल्या.

मग सत्यवतीबाईंनी तिला एक सरकारी पत्रक वाचायला दिलं. जुन्या नर्सांसाठी एक वर्षाचा वरचा कोर्स निघत होता. पास होणारीला वस्तीत एक केंद्र मिळणार होतं. तिथे डॉक्टर रोज नसणार. बायका तपासायच्या तिनं, विचारायचं तिनं आणि कुणाला घरी सांभाळायचं, कुणाला दवाखान्यात धाडायचं तेही तिनंच ठरवायचं. अटी दोनच होत्या. आंध्रातच राहायचं आणि तेलुगूची लेखी परीक्षा द्यायची.

मनकर्णा चौतिसाची होती. बाजारापुरतं तेलुगू बोलायची, पण अक्षर एक येत नव्हतं. नांदेडला सिस्टर म्हणून खुर्ची तयार होती आणि इथे वीस वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसून अक्षरं गिरवायची होती. माहेर, भाऊबंद, सगळे तिकडे. ती दोन आठवडे दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली आणि दर वेळी तिला तो कापलेला चपलेचा पट्टा आठवायचा.

आप्शनचा कागद द्यायचा शेवटचा दिवस आला. एकनाथरावांनी मुंबई राज्यावर खूण करून, सगळं भरून कागद देवरावाजवळ पाठवला होता. राहिली होती फक्त सही. सकाळी कामावर निघताना देवरावानं तो तिच्यापुढे ठेवला आणि टाक दिला. मनकर्णानं टाक खाली ठेवला. मी सही करणार नाही, म्हणाली. मग कोर्सचं, केंद्राचं, तेलुगूचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. भागूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.  देवरावानं डबा उचलला, चपला घातल्या.

"हे कधी ठरवलंस?" त्यानं विचारलं.

"परवा."

तो दाराबाहेर पाय टाकणार होता. पण तो जन्मापासून हैदराबादचा. वळला आणि म्हणाला, "परवा म्हणजे कधी? कोणता परवा?"

रहमतबीला जे विचारायचं तिनं गिळून टाकलं होतं, तेच हा माणूस हातात डबा घेऊन आपल्याला विचारतोय, हे कळल्यावर मनकर्णाला आवरलं नाही. ती खाली बसली आणि रडायला लागली. आणि मग तिनं सांगितलं, गोणीवाल्याच्या बायकोचं, पट्ट्याचं, त्या जावळ असलेल्या मुलीचं आणि आपण पुडी बांधून दिली त्याचं. देवरावानं चपला काढल्या, डबा बाजूला ठेवला आणि तिच्यासमोर बसून शेवटपर्यंत ऐकलं. बदलीचा अर्ज त्यानं आधीच देऊन ठेवला होता, तो परत घ्यावा लागणार होता. 

ऐकून झाल्यावर त्यानं एकनाथरावांनी भरलेल्या कागदाची घडी घातली.

"कोरा कागद आणतो," तो म्हणाला. "तो तू भर. तुझ्या अक्षरात."

भागूबाईंनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. मोठी परात न्यायच्या भांड्यांतून उचलली आणि परत फळीवर ठेवून दिली. देवराव त्या दिवशी कामावर तासभर उशिरा पोहोचला.