मांडवावरची रायमुनिया

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा तिरोड्याकडच्या एका गावाचा नवा जावई होतो. वैनगंगेकाठचं झाडन् झाड मला डोळे मिटून ओळखू येतं, असं मी सासरी सांगून बसलो होतो. त्यात खोटं ते काय? माझी चाहूल लागली की करंज आपणहून फांद्या खाली करायचे.

मेहुणीचं लग्न निघालं. मांडवाचे डहाळे आणायचा मान जावयाचा, पण तपासून घेणार आजेसासूबाई. भलतंच काही निघालं, की बायका गारी गाताना, म्हणजे लग्नातल्या थट्टेच्या गाण्यांत, जावयालाच धरणार. त्या माऱ्यानं एक जावई थेट नागपूरपर्यंत पळाल्याचं माझ्या कानावर होतं. मला त्या गाण्यात जायचं नव्हतं.

बैलगाडी घेऊन मी आणि मेहुणा नदीवर गेलो.

"हे कोणतं होय, भाटोजी?" बहिणीच्या नवऱ्याची परीक्षाच घ्यायला निघाला होता तो.

"खोडालाच फळं लागलीत, दिसत नाही? उंबर."

"अन् हे?"

"पान चुरगाळून हुंग. जांभूळ! आणि तो पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा अर्जुन. तो तर तुलाही ओळखू यावा."

मेहुण्याचं तोंड उतरलं. त्याला गाणं हवं होतं.

गाडी इतकी भरली की बैल दिसेनात. वाटेत केशरी-गुलाबी फुलांची झुडपंच झुडपं. मांडवाच्या दाराला शोभतील म्हणून दोन भारे कापले. मेहुणा एकदम खुशीत येऊन बैल हाकू लागला.

दारात आजेसासूबाईंनी जांभूळ पाहिलं, उंबर पाहिलं, मान डोलावली. मग फुलं दिसली.

"हे रायमुनिया कायले आणली जी, जवाईबापू? बकरी तोंड नाही लावत ह्याले! माझ्या लग्नाच्या वक्ती तिथं बोरी होत्या, करवंदी होत्या. हे कुठून आली अन् साऱ्यायले गिळून बसली. अन् तुम्ही तिले मांडवात घालून राहिले!"

झालं. रायमुनिया म्हणजे आपली घाणेरी. लग्नात बायकांनी मला रायमुनियाचा नवरा केलं, तिच्या काट्यांना माझी लेकरं. आवाज असा, की नदीपलीकडचं गाव आपल्याकडेच लग्न आहे समजून पंक्तीला बसलं.

जेवताना नवरदेव माझ्या कानाशी आला. "साडभाऊ, लय उपकार झाले जी. त्या गारी माझ्यासाठी घोटून ठेवल्या होत्या. माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. याल का?"