जेवल्याशिवाय सांगायचं नाही

ओढ्यावरच्या साकवापर्यंत आई आली आणि तिथेच थांबली. पुढे फाट्यापर्यंत सगळा चढ, आणि तिच्या दम्याला चढ सोसत नसे. नलू, तू माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे गेली होतीस, म्हणून तुला ते दिसलं नाही. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काळजी करू नको. काय झालंच, तर कळवतील हो कोणीतरी." तिने ते धीर द्यायला म्हटलं होतं. पण मला त्यातलं "काय झालंच तर" तेवढंच ऐकू आलं. चिपळूणला गाडी बदलली, कुंभार्लीचा घाट चढला, कऱ्हाड आलं, आणि पिंपरीपर्यंत सबंध रस्ताभर मी मनात एकच म्हणत होते, की कोणी काही कळवू नये.

परवा इथे आलीस तेव्हा तू पुन्हा विचारलंस, की मालू, तू गावाला का येत नाहीस, आम्ही काय परके झालो का. मी नेहमीसारखी हसून वेळ मारून नेली. चुलत बहीण असलीस तरी शेवटी आईजवळ तू होतीस, मी नव्हते, म्हणून खरं उत्तर तुला द्यायला हवं. ते द्यायचं तर आमच्या क्लबापासून सुरुवात करावी लागेल. तू हसशील. हस.

यांना पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा इथे काय होतं म्हणतेस? माळरान होतं. नदीपलीकडे काळेवाडीची शेतं, अलीकडे सिंध सोडून आलेल्या लोकांची छावणी, आणि मध्ये आमच्या क्वार्टर्सच्या एकसारख्या ओळी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले. अंगण नाही, माड नाही, विहिरीवरचा रहाट नाही. कारखान्याचा भोंगा झाला की गडी शिफ्टला जात, भोंगा झाला की परत येत. तो वेळेवर होणारा भोंगा असला तरी मी हातातलं काम टाकून दारात यायचे. अवेळी झाला तर काय समजायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

तिथे कोणालाच सासर नव्हतं नि माहेर नव्हतं. कोणी साताऱ्याकडचं, कोणी बीडकडचं, कोणी खानदेशातलं. म्हणून मंडळींनी क्लब काढला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत सतरंज्या अंथरायच्या, कोणीतरी पेटी वाजवायची, कोणाच्या तरी मुलीने गाणं म्हणायचं, आणि मग सेक्रेटरी उभे राहून सभासदांच्या बातम्या वाचायचे. कोणाला बढती मिळाली, कोणाचे आईवडील राहायला आलेत, कोणाच्या सौभाग्यवतींना माहेरी अमुक गावी कन्यारत्न झालं. शेवटी कोणाकडे दुःखद घटना असेल तर सगळ्यांनी उभं राहायचं. त्यानंतर चिवडा आणि चहा. घरची सगळी माणसं लांब, तेव्हा सेक्रेटरी बातम्या वाचत ते आम्हाला फार आपुलकीचं वाटायचं. वत्सलाच्या वडिलांचं होईपर्यंत.

वत्सला अंबाजोगाईकडची, माझ्याच ओळीतली. तिचे वडील गेल्याची तार शनिवारी कारखान्याच्या फाटकावर आली. तारा तिथेच यायच्या. तिचा शनिवारचा उपास होता. नवऱ्याला वाटलं, उपाशी बाईला कसं सांगायचं, उद्या सांगू. रविवारी वाटलं, संध्याकाळी क्लब आहे, दोन घटका हसू दे, मग सांगू. चांगलाच माणूस तो. पण रजेसाठी त्याला साहेबांना सांगावं लागलं, साहेबांकडून ते सेक्रेटरींना कळलं, आणि त्यांनी ते इमानेइतबारे बातम्यांत घातलं. घरच्या माणसालाच ठाऊक नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मागे पोरांचा कल्ला चालला होता. सगळे उभे राहिले तशी वत्सलाही उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली आणि हळूच मला म्हणाली, "कोन वारलं म्हणले, ताई?"

मी ऐकलं होतं. मी नुसता तिचा हात धरला. नलू, बापासाठी उभी राहिलेली आणि बाप गेला हे ठाऊक नसलेली ती बाई मला अजून दिसते. पुढच्या सतरंजीवरून अनसूयाकाकू उठून आल्या आणि तिला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेल्या.

अनसूयाकाकू म्हणजे स्टोअरकीपरांच्या पत्नी, वाईच्या, आम्हा सगळ्यांत वयाने मोठ्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या सभेत त्या बायकांतून उठल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "रिकाम्या पोटी माणसाला असलं ऐकवू नये. एकदा ऐकलं की आंघोळ आली, सुतक आलं, मग कोण घास घेतंय? गावात असतो तर चार आयाबाया आल्या असत्या. इथं कोण आहे? यापुढं वाईट बातमी आधी मला कळवायची. मी घरी जाईन, जेवायला वाढीन, मग सांगीन. ती जेवल्याशिवाय सांगायचं नाही, आणि मी सांगितल्याशिवाय इथं वाचायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम फार चांगला होता. पण त्या दिवसापासून आमच्या ओळींत जी भीती शिरली ती बाहेर निघेना.

काकू हातात झाकलेली तपेली घेऊन निघाल्या, की कळायचं. कोणाच्या तरी घरी मऊ भात चाललाय. बायका दाराआड उभ्या राहून त्यांची पावलं ऐकत. पुढे गेल्या की जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच लाज वाटायची, कारण त्या पुढच्या कोणाच्या तरी दारात थांबणार असत. बिचाऱ्या काकू! त्यांनी मग एरवी हातात काही धरायचंच सोडून दिलं. वाटीभर साखर परत करायची असली तरी दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायच्या, आणि रस्त्याने जाताना दोन्ही हात मोकळे दिसतील असे ठेवायच्या. एकदा विसरून बारशाच्या घुगऱ्या घेऊन गेल्या तर ती बाई दारातच मटकन खाली बसली. महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की मी दारापाशीच काम काढून बसायचे. बातम्या वाचायच्या आधी काकू येऊन जातात, हे आता हिशेबात बसलं होतं. रविवार उजाडून काकू आल्या नाहीत, की मला वाटायचं, आई आणखी एक महिना जगली.

आईला इकडे ये म्हणून मी किती विनवलं हे तुला ठाऊक आहे. तिचं एकच, "गाय कोणाकडे ठेवू? आणि वायंगणातलं भात कोण बघेल?" मग मला दिवस राहिले. सातव्यात ओटी भरून गावी यायचं आणि बाळंत होऊनच परतायचं, असं ठरलं. मी ट्रंक भरायला घेतली. दुपट्यांखाली आईसाठी लोकरीचा गळपट्टा ठेवला, छावणीतल्या बाजारातून आणलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी घाबरायचं विसरले होते.

निघायला आठवडा राहिला असेल. दुपारी दारात शेवंता बसली होती, काळेवाडीहून भाजी घेऊन यायची ती. वांगी निवडता निवडता मी बोलत होते आणि ती एकाएकी ओळीच्या टोकाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "काकी येत्यात. हातात तपेलं हाय, ताई."

मी आत गेले नाही, उठलेही नाही. काकूंनी पहिलं घर मागे टाकलं. वत्सलाचं टाकलं. पुढे दोनच दारं, मग माझं, आणि माझ्यानंतर भिंत. मी वांगी हातात घेऊन बसून राहिले. काकू समोर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "मालू, आत चल. ताट घे."

"माझं जेवण झालंय."

"स्टोव्ह थंड आहे तुझा. खोटं बोलू नको."

त्यांनीच ताट घेतलं, पाट मांडला, भात वाढला, वर मेतकूट आणि तूप. मी पाटावर बसले आणि तेवढ्यात मला सुचलं. नियम त्यांचाच होता. मी जेवले नाही तर त्यांना सांगता येणार नव्हतं. जोवर भात ताटात आहे तोवर आई गोठ्यात गायीला पेंढा घालतेय. मी म्हटलं, "मी जेवणार नाही."

काकूंच्या लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत, जबरदस्ती केली नाही. समोर भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "आई काय काय करते गं तुझी?" मी सांगत सुटले. कुळथाचं पिठलं कसं करते, फणसाचे गरे कसे काढते, गायीशी कशी भांडते. त्याही विचारत राहिल्या, "दूध किती देते गाय? आई पहाटे उठते का?" सगळं देते, करते, उठते असंच. चुकूनसुद्धा त्यांच्या तोंडून "द्यायची", "करायची" गेलं नाही. भाताला साय धरली. तूप गोठलं. मी बोलायची थांबले तर संपलं, अशी भीती वाटून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते.

भोंगा झाला. हे पहिल्या शिफ्टवरून आले आणि दारातच उभे राहिले. तार यांच्याच हातात आली असणार, आणि नियमाप्रमाणे यांनी ती काकूंकडे धाडली असणार. यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. हे चपला न काढता पायरीवर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. त्या पाठीवरून मला सगळं कळलं, नलू. तरी मी भाताला हात लावला नाही. कळणं वेगळं आणि कोणी सांगणं वेगळं. सांगितलं की मग परत फिरता येत नाही.

शेवंता अजून गेली नव्हती. पाटी तशीच टाकून ती दारात उभी होती. ती म्हणाली, "खावा आता, ताई. म्हातारी बी सकाळधरनं उपाशी हाय."

मला काही समजेना. मी काकूंकडे पाहिलं.

"व्हय," शेवंता म्हणाली. "सकाळी त्यांच्या दारात गेलते. च्या बी घेतला न्हाई. म्हनल्या, पोरीला सांगितल्याबिगर घास न्हाई घ्यायचा. दर टायमाला आसंच करत्यात त्या. तुमास्नी ठावं न्हाई?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी घरं त्यांनी केली, आणि आम्ही सगळ्या दाराआडून त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. तोंडाकडे कोणी पाहिलंच नाही. आता मी पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी आईला जिवंत ठेवतेय असं मला वाटत होतं, आणि माझ्यासमोर एक म्हातारी बाई भुकेने कासावीस झाली होती. आईला मी घास घालू शकत नव्हते. हिला घालू शकत होते.

मी भात कालवला. पहिला घास काकूंच्या तोंडापुढे धरला. त्या म्हणाल्या, "आधी तू." मी घेतला, मग त्यांना दिला. एकाच ताटात आम्ही दोघी जेवलो, गार भात, गोठलेलं तूप. ताटाचा तळ दिसायला लागला, पण मी थांबले नाही. शेवटचा घास मी गिळला, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "सांगा."

काकूंनी सांगितलं. परवा संध्याकाळी गोठ्यातून येताना दम लागला, अंगणात बसली, तू मांडीवर डोकं घेतलंस, फार त्रास झाला नाही. तारेत एवढं नसतं. कारखान्यात आपल्या भागातला एक माणूस त्याच सकाळी गावाहून परतला होता, त्याला गाठून काकूंनी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. मला सांगायला काहीतरी असावं म्हणून.

ट्रंक भरलेली होती ती मी काकूंकडेच नेली. बाळंतपण त्यांच्या घरी झालं. त्यांनी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, मध्यरात्री पोर रडलं तर माझ्याआधी उठल्या. बाळंतपणानंतरच्या महिन्यात क्लबात सेक्रेटरींनी बातम्या वाचल्या. ते गृहस्थ वाक्य कधी बदलत नसत. म्हणाले, "आमच्या सभासदांच्या सौभाग्यवती मालतीबाई यांना माहेरी," आणि अडखळले. गावाचं नाव काय वाचायचं? मग म्हणाले, "माहेरी, इथेच, तिसऱ्या ओळीत, कन्यारत्न झाले." लोक हसले, टाळ्या पडल्या. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि मीही हसत होते.

आणि हसता हसताच मला धस्स झालं. नलू, गावाच्या नावाने आता माझ्या काळजात काही हलत नाही. तिथली भीती संपली, आणि तिच्याबरोबर ओढही गेली. म्हणून मी येत नाही. माझं घर इथे आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं, ते काकूंच्या पिकलेल्या केसांकडे बघून तीच भीती पुन्हा वाटली तेव्हा. त्यांना काही झालं, तर मला वाढायला कोण येणार?