आपल्या माणसाचे दात

कवळीवाल्यांनी आपलं गिऱ्हाईक कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकानंही त्यांना. दातांच्या डॉक्टरांकडून खोक्यातून जबड्याचे प्लास्टरचे साचे यायचे, सोबत एक चिठ्ठी. त्याच खोक्यातून आठवड्यानं कवळी परत जायची. अशी बत्तीस वर्षं त्यांनी गावभराचं हसू घडवलं, पण त्यांच्याकडे बघून त्यातलं कुणी हसलं नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटायचंही नाही. माणसं बोलून डोकं खातात, प्लास्टर गप्प बसतं, असं त्यांचं साधं मत होतं.

कामाची जागा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीशी टेबल, टेबलाला मोटर, मोटरीला दात घासायची फिरती चकती, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी, अगदी त्यांच्या भुवयांवरसुद्धा. कवळी तयार झाली की त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. डावा डोळा मिटायचा, कडेवरून अंगठा दोनदा फिरवायचा, आणि मग तीच कड मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून हलकेच ओढायची. "अंगठा राठ झालाय, तो थापा मारतो," ते म्हणत. "मनगटाला फसवता येत नाही." ही खोड इतकी अंगात मुरली होती की घरी ते नवा चमचाही असाच तपासत. मुलगी म्हणायची, "बाबा, चमचा आहे हो तो! कुणाच्या जबड्यात नाही बसवायचा."

या अबोल माणसाला नाद म्हणाल तर एकच. रंगभूमीवरचा एक नट. त्याला ते 'आपला माणूस' म्हणायचे, जसा काही तो शेजारच्या घरात राहायला होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा कवळीवाले एकोणीस वर्षांचे, नुकतेच कामाला लागलेले आणि कामाची लाज वाटणारे. दोस्त विचारायचे, काय रे, आज कुणाचे दात काढलेस? हे मान खाली घालायचे. त्या नाटकात आपला माणूस चांभार झाला होता. त्यानं सुईत दोरा ओवला, तोही खराखुरा. पहिल्या खेपेला चुकला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, उजेडाकडे धरलं आणि ओवला. सगळं थिएटर श्वास रोखून एका चांभाराचा दोरा बघत होतं. हातानं काम करणाऱ्याकडे इतकं निरखून कुणी बघत असेल, हे त्या पोराला तोवर ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेनं कामावर गेला. ती मान पुन्हा खाली गेली नाही, आणि त्याचं श्रेय ते आजही त्या दोऱ्याला देतात.

बायको मात्र चिडवायची. "लांबूनच बघा हो तुमच्या त्या माणसाला. जवळून बघितलं की माणसं मनातून उतरतात." हे हसण्यावारी न्यायचे, पण आत कुठेतरी ते बोलणं टोचायचं. नाटक संपल्यावर लोक त्याला भेटायला आत जात. हे कधीच गेले नाहीत.

आणि एका मंगळवारी खोक्यातच आपला माणूस आला. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: 'जुनी कवळी पडून फुटली. तुकडे सोबत पाठवते, हुबेहूब तशीच हवी. रविवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे, आधी मेणावर दात लावून तोंडात बसवून बघायलाही वेळ नाही.'

कवळीवाल्यांनी तुकडे जुळवून पाहिले आणि त्यांना राग आला. दात झिजलेले, पिवळट, आखूड. आपल्या माणसाच्या तोंडात हे असलं? त्यांनी खणातून तीस वर्षांपूर्वीचा त्याचा फोटो काढला, खिडकीला टेकवून ठेवला आणि तीन दिवस त्या फोटोतले दात घडवले. बत्तीस वर्षांत चिठ्ठीबाहेर एक रेघ न गेलेला माणूस! पण त्या आठवड्यात त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शुक्रवारी खोकं गेलं तेव्हा ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काय करून ठेवलंत हे? दात ओठात मावत नाहीत. 'स' म्हटलं की शीळ वाजते! ते स्वतः निघालेत तुमच्याकडे. मी नको म्हटलं, ऐकेनात."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. उद्याचा प्रयोग आपल्या हातून मातीत जाणार, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी होती. तो येईल, तोंडाला येईल ते बोलेल, आणि ते रास्तच असेल. पण मग बत्तीस वर्षं उराशी धरलेला तो चांभार आपल्यापाशी उरणार नाही.

दार उघडलं. काठी टेकत, गाल आत गेलेला एक म्हातारा आत आला. त्यानं भुकटीनं माखलेलं स्टूल ओढलं आणि न झटकता त्यावर बसला. रुमालातली कवळी टेबलावर ठेवून दातांविनाच बोबडं बोलला, "तुम्हीच का कवळीवाले?"

कवळीवाल्यांनी फोटो पुढे केला. मग कसंबसं म्हणाले, "मी यांचे दात केले. चुकलं माझं."

म्हाताऱ्यानं फोटो बराच वेळ बघितला आणि पोट धरधरून हसू लागला. बत्तीस वर्षांतलं हे पहिलं हसू, आणि त्यात एकही दात नव्हता. "अहो, हा पठ्ठ्या केव्हाच गेला. याला दात देऊन काय फायदा? उद्या स्टेजवर मला जायचंय. मला द्या."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो तर! सकाळी आरशापुढे चांगला अर्धा तास रागावलो. मग ही हिरडी नीट बघितली. कुणाला दिसणार नाही अशा जागीसुद्धा हिरडीची रेघ न् रेघ कोरलीय तुम्ही. इतकी मन लावून केलेली चूक मी जन्मात पाहिली नाही. म्हटलं, या माणसाला भेटायलाच हवं. चला, करा सुरू."

कवळीवाल्यांनी चष्मा पुसला आणि मोटर सुरू केली. केसभर घासायचं, द्यायचं. आपला माणूस कवळी बसवून नाटकातलं एक वाक्य म्हणायचा, शीळ वाजायची, कवळी परत यायची. कितीदा झालं असेल देव जाणे. तो एकदाही वैतागला नाही. "सावकाश होऊ द्या," एवढंच म्हणायचा आणि गप्प बसून यांचे हात बघायचा. दुपार कलली तेव्हा एक 'स' अगदी साफ आला. कवळीवाल्यांनी शेवटची एकदा कवळी मागून घेतली, डोळा मिटला, अंगठा फिरवला, मनगटावर ओढली आणि परत दिली. जाताना आपल्या माणसानं दोन पास टेबलावर ठेवले.

घरी बायकोनं विचारलं, "काय, उतरला का मनातून?"

"छे," ते म्हणाले, आणि डोळ्यांत भुकटी गेली म्हणून मोरीत तोंड धुवायला गेले.

रविवारी दुपारी दोघं तिसऱ्या रांगेत बसली. आपला माणूस म्हातारा सुतार झाला होता. मुलगी घर सोडून दूर जाणार, तिच्यासाठी तो खुर्ची बनवत होता. पहिला अंकभर कवळीवाल्यांनी नाटक पाहिलंच नाही, ते फक्त 'स' ऐकत होते. प्रत्येक 'स' साफ आला. मग कुठे त्यांनी पाठ टेकली.

दुसऱ्या अंकात खुर्ची पुरी झाली. स्टेजवर सुतार एकटाच होता. बोलायला काही नव्हतं. त्यानं खुर्चीचा हात जवळ घेतला. डावा डोळा मिटला. कडेवरून अंगठा दोनदा फिरवला. मग बाही सारली आणि मनगटाची आतली बाजू त्या लाकडावरून हलकेच ओढली.

बायकोनं यांचा दंड घट्ट धरला. "अहो," ती कुजबुजली, "हे तर तुम्ही."

कवळीवाल्यांना समोरचं नीट दिसेना. आयुष्यभर ते त्या माणसाकडे बघत आले होते. त्यानं यांच्याकडे एकच शनिवार बघितलं होतं, आणि काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.