वाणात गेलेलं झाड

मेडनहेडमध्ये जूनचं ऊन पडलं की लोक शर्ट काढून गवतावर आडवे होतात. मुरलीधर हळबे तेव्हा भिंतीच्या सावलीची बाजू धरून दूध आणायला जातात. मस्कतला अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाची ही सवय आहे, ती आता जायची नाही.

ते माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. सत्तरच्या दशकात ठाण्याहून इंग्लंडला, जवळच्या स्लाउच्या कारखान्यात आले, अरुणाशी लग्न करून तिला घेऊन आले, इथे घर घेतलं. पुढे कंपनीने त्यांना समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर मस्कतला पाठवलं, दोन वर्षांसाठी. ती दोन वर्षं संपता संपेनात. इथलं घर भाड्याने दिलेलं होतं, मुलगी मंजिरी तिथल्या शाळेत रुळली होती. शेवटी करोनाच्या आदल्या वर्षी नवराबायको परत आले, तेव्हा मी अरुणाला विचारलं, "मस्कतहून काय आणलंस?"

"मी काय आणणार? लोकांचे नवरे तिथून सोनं आणायचे, आमचे हे खडी आणायचे."

ती थट्टा नव्हती. मुरलीधरांच्या बाल्कनीत तिथे शंभरेक कुंड्या होत्या, सगळी मांसल पानांची, पाणी साठवून ठेवणारी झाडं. ज्यांना इथे सगळे सक्युलंट म्हणतात, ती. आपल्याला वाटतं, वाळवंटातलं झाड, त्याला ऊन काय करणार? मुरलीधर म्हणतात, जमिनीतल्या झाडाला काही करत नाही, कुंडीतल्याला मारतं. जमिनीत मुळं थंडावा शोधत खोल जातात. कुंडीत जाणार कुठे? पहिल्या वर्षी त्यांनी प्लॅस्टिकच्या कुंड्या आणल्या आणि जुलैत मुळं अक्षरशः शिजली. मग मातीच्या आणल्या. एका मोठ्या कुंडीत दुसरी लहान, मधल्या फटीत रेती, बाहेरून चुन्याचा हात. आत निम्मी माती, निम्मी खडी. दुपारच्या वेळी वरून अरुणाची वायलची साडी ताणलेली. पाणी सूर्य बुडाल्यावर, आणि ऐन उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच.

"उन्हाळ्यात ती झोपतात, सीमाताई," ते मला सांगत होते. "झोपलेल्या माणसाच्या तोंडात आपण पाणी ओततो का?"

मेडनहेडला आल्यावर त्यांनी घरामागच्या काचेच्या खोलीत, म्हणजे कन्झर्व्हेटरीत, नवा संसार मांडला. आणि पहिल्याच वर्षी काय केलं असेल? मे महिन्यात वायलची साडी काढली आणि काचेवर बांधली! झाडं बिचारी उजेडासाठी माना लांब करकरून गवारीसारखी झाली. मी बघितलं आणि राहवलं नाही.

"अहो, हे बर्कशर आहे. इथे ऊन पाहुण्यासारखं येतं. त्याला बाहेर कसलं ठेवता?"

साडी निघाली. पुढच्या वर्षी झाडं सुधारली. आणि हिवाळ्यात पाणी बंद झालं, कारण इथे ती थंडीने झोपतात. नियम तोच, महिने उलटे. मुरलीधरांना ते समजायला एक वर्ष लागलं. बाकीच्या मेडनहेडला अजून समजलेलं नाही, ते पुढे येईलच.

या सगळ्या झाडांत त्यांचा जीव एकात होता. ओमानच्या डोंगरात एक झाड उगवतं, खाली मडक्यासारखं पोट, वर थोड्या फांद्या आणि गुलाबी फुलं. त्याला वाळवंटातला गुलाब म्हणतात. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. मुरलीधरांनी मस्कतला तसं एक झाड कुंडीत अठरा वर्षं वाढवलं होतं. उचलायला दोन माणसं लागायची. ते विमानात येणं शक्यच नव्हतं. शेवटच्या वर्षी त्यांनी रंगकामाच्या ब्रशचा एक केस घेऊन स्वतः फुलांचं परागीकरण केलं, शेंगा धरल्या, आणि त्या फुटून बी उडून जाऊ नये म्हणून अरुणाच्या वातींच्या दोऱ्याने बांधून ठेवल्या. रीतसर कागद करून बी आणलं. उगवलेल्या रोपांपैकी इथल्या हिवाळ्यांनी सगळी नेली, एक सोडून. ते त्यांनी कहव्याच्या एका लहानशा सोनेरी काठाच्या कपात लावलं, कपाला बुडाशी स्वतः भोक पाडून. मोठं झाड मस्कतला ज्याला दिलं होतं, तो घर सोडून गेला. झाडाचं काय झालं, कुणाला माहीत नाही. म्हणजे उरलं ते एवढंच, कपातलं.

आता गेल्या वर्षीची संक्रांत. वाण काय लुटायचं, यावर अरुणाचा दर वर्षी महिनाभर खल चालतो. मुरलीधरच म्हणाले, "माझी पिल्लं दे." मोठ्या झाडांच्या बाजूला फुटलेली पिल्लं त्यांनी शरदातच काढून छोट्या कुंड्यांत लावली होती. हळदीकुंकवाला घर भरलं. मी विधवा आहे, पण अरुणा मलाही बोलावते आणि कुंकू लावते. न लावलं तर मी तिथेच भांडेन, हे तिला ठाऊक आहे. कुंड्यांचं तबक फिरायला लागलं, तेवढ्यात दारात आणखी कुणीतरी आलं. एक कुंडी कमी! हळदीकुंकवाला आलेली बाई रिकाम्या हाताने पाठवायची का? अरुणा धावत कन्झर्व्हेटरीत गेली, दिसेल ते उचललं आणि तबकात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "सीमा, आत्ताच्या आत्ता ये."

मुरलीधर कन्झर्व्हेटरीत उभे होते. ओरडले असते तर बरं. ते फळीवरची धूळ पुसत होते, जिथे कप होता तेवढीच जागा पुन्हा पुन्हा.

"अगं, त्याला एक पान नव्हतं," अरुणा माझ्याकडे वळून म्हणाली. "नुसता सुरणाचा तुकडा. मस्कतला कधी त्याची अशी सगळी पानं गळली होती का? मला वाटलं, हल्ली अशीच फॅशन असते. कप छान होता म्हणून उचलला."

"कुणाला गेलं?"

"तबकातून ज्याने त्याने उचललं. मी काय पहारा देत होते?"

"मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचार. एक मिनिटाचं काम."

"ग्रुपवर!" अरुणाने असा चेहरा केला, जणू मी चोरी करायला सांगितलं होतं. "दिलेलं वाण परत मागतात का कुठे? उद्या सगळं मंडळ म्हणेल, हळबेवहिनी वाण देतात आणि सकाळी हिशेबाला बसतात."

मुरलीधर हळूच म्हणाले, "राहू दे. वाण दिलं ते दिलं." आणि पुन्हा फडकं.

मला असल्या सोशिकपणाचा राग येतो. मी म्हटलं, "मागायचं नाही ना? बघायला तर जाता येईल? झाडं कशी आहेत, ते विचारायला. झाडांचे डॉक्टर म्हणून."

तसे आम्ही निघालो. त्यानंतरचे काही शनिवार मुरलीधर, मी आणि माझी जुनी गाडी. लोकांनी चहा दिला, चिवडा दिला, तिळाच्या वड्या दिल्या, आणि झाडं दाखवली. काय सांगू! देवयानी म्हणून एक उत्साही मुलगी आहे. तिने कुंडी देवाजवळच ठेवली होती.

"काका, रोज देवाचं पाणी घालते हं. एकही दिवस चुकले नाही."

झाडाची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन लोळत होती. बोट लावलं असतं तर हातात आली असती. मुरलीधरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"श्रद्धा दिसते आहे," ते म्हणाले.

"म्हणजे चांगलं आहे ना?"

"पाणी तुळशीला घाल," मी सांगितलं. "हे गेलंय."

मुरलीधर माझ्यावर गाडीत रागावले. पण पुढच्या घरी मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं, होळीपर्यंत पाण्याचा थेंब नको. घरोघर हीच गत होती. कुणी न्हाणीघरात ठेवलेलं, कुणी बशीत पाणी भरून त्यात उभं केलेलं. आपल्या बायकांना काही मरू द्यायचं नसतं, म्हणून त्या पाणी घालत बसतात. कपातलं झाड मात्र कुठेच नव्हतं. फेब्रुवारी सरत आला. असं रोज पाणी मिळालं तर ते पोटातून सडणार, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी माझा धीर संपला. मंजिरी आईवडिलांकडे आली होती, तिला मी सरळ सांगून टाकलं. अरुणाने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं.

"आई! यू कुड हॅव जस्ट आस्क्ड!" मंजिरी म्हणाली. "ती उशिरा आलेली ना, ती माझी ऑफिसमधली अक्षया होती, मीच पाठवलेली. तिच्याकडेच आहे बाबांचं ते झाड. तिने मला फोटो पण पाठवलेला, हा बटाटा जिवंत आहे का म्हणून."

"आणि तू काय सांगितलंस?" मुरलीधरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"मी म्हटलं, आय हॅव नो आयडिया."

अक्षया नागपूरची, लंडनच्या दक्षिण टोकाला क्रॉयडनला एकटी राहते. रविवारी आम्ही तिघं निघालो. एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन, तिथून ईस्ट क्रॉयडन, मग ट्राम. सबंध रस्ता अरुणा एकटीच बोलत होती. मेलंच असेल तर आपण काही म्हणायचं नाही, पोरीला वाईट वाटेल, वगैरे.

दार उघडलं आणि आतून गरम हवेचा लोट अंगावर आला. उंचावरचा फ्लॅट, दक्षिणेला भिंतभर काच, हीटिंग बंदच होत नव्हतं. "लँडलॉर्डला तीनदा मेल केला, काकू," अक्षया म्हणाली, "माझ्या ओठांची सालं निघतात."

मुरलीधर जोडे काढायचे विसरून आत गेले. खिडकीत कप होता. पोट टणक, आणि शेंड्याला हिरवीगार, तकतकीत पानं.

"पाणी?" ते एवढंच म्हणाले.

अक्षया घाबरली. "काका, खरं सांगू? घातलंच नाही. मला वाटलं, मेलंय ते. टाकणार होते, पण वाण टाकायचं कसं? आईला फोन केला. आई म्हणाली, वाण आहे, टाकू नको, ठेव तसंच. मग ठेवलं तसंच."

मुरलीधर खाली बसले आणि हसायला लागले. अरुणा पदराने डोळे पुसत होती, नाक ओढत होती, आणि वर त्यांनाच म्हणत होती, "जोडे काढा आधी, कार्पेट आहे."

परत मागायचं नव्हतंच. पण अक्षया नागपूरची आहे, बोलायच्या आधी तिला समजलं. निघताना तिने अरुणाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, आणि तांदळावर तो कप ठेवला. ओटीत आलेलं कोण नाकारणार?

इथे ही गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण मेडनहेडच्या काचेच्या खोलीत मार्चमध्ये रात्री दात वाजतात. आठवड्यात दोन पानं पिवळी पडली. मुरलीधर स्वयंपाकघरात हलवून पाहतात, बॉयलरपाशी हलवून पाहतात. तिसरं पान गळलं त्या सकाळी त्यांनी कप लोकरीच्या कानटोपीत घातला, कोट चढवला.

"कुठे निघालात?" अरुणाने विचारलं.

"क्रॉयडनला. मस्कत तिथे आहे."

तेव्हापासून त्या झाडाचा असा परिपाठ आहे. हिवाळा अक्षयाकडे, उन्हाळा मेडनहेडला. मेमध्ये ती घेऊन येते, जेवून जाते. ऑक्टोबरात मुरलीधर कानटोपीतून पोचवतात आणि तिच्या खिडकीतल्या बाकीच्या कुंड्या तपासतात, कारण आता तिथेही कुंड्या झाल्या आहेत. मध्ये कधी मनात आलं तर उगीचच जातात. अरुणा म्हणते, "माझ्या बाळंतपणाला एवढ्या फेऱ्या घातल्या नव्हत्या." गेल्या जुलैत ऊन असं तापलं की कन्झर्व्हेटरीत पाय ठेववेना. मुरलीधर हसत हसत माळ्यावर गेले आणि वायलची साडी घेऊन आले. या वेळी मी काही बोलले नाही. साडीखाली उभ्या त्या कपातल्या झाडाला नवी फांदी फुटली होती.

यंदा संक्रांतीला अरुणाने चहाच्या गाळण्या वाटल्या. देवयानीने आपली गाळणी उलटूनपालटून बघितली आणि विचारलं, "याला पाणी घातलं तर चालतं ना, काकू?"

झाडाला फूल अजून आलेलं नाही. मुरलीधर म्हणतात, येईल, त्याला कसली घाई आहे? त्याला नसेल. मी सत्त्याहत्तरची आहे, मला आहे. परवा ते क्रॉयडनला निघाले तेव्हा मी दारातूनच सांगितलं, त्याला माझा निरोप द्या.